मांजर, नखे आणि आईच्या गोधड्या

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी संतसाहित्य, बेकारी, स्त्रीशिक्षण असे भारदस्त विषय असतात. त्यांच्या पंगतीला मांजर आणून बसवले तर काही वाचकांना तो औचित्यभंग वाटेल. परंतु ज्यांच्या घरी मांजर आहे आणि बसायला एखादी खुर्ची, निजायला गादी किंवा गोधडी आहे, त्यांना हा विषय क्षुल्लक वाटणार नाही अशी माझी खात्री आहे. मांजराच्या नखांमुळे घरातल्या सामानाचे नुकसान का होते आणि मांजराला न मारता ते कसे थांबवता येते, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नव्हता. आप्पा मार्केट यार्डात हमाली करतात आणि आई लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या गोधड्या शिवून देते. आप्पांच्या कमाईत घर चालते. गोधड्यांच्या पैशांतून माझी फी, पुस्तके आणि एस. टी.चा पास निघतो. हातशिलाईची एक मोठी गोधडी पुरी व्हायला आईला आठ-दहा दिवस लागतात. अशी एक जवळजवळ पुरी होत आलेली गोधडी आमच्या मनीने एका दुपारी नखांनी ओरबाडली. धावदोऱ्याचे टाके उसवले आणि वरचे कापड फाटले. ते कापड म्हणजे गिऱ्हाइकाच्या वारलेल्या आईचे लुगडे होते. त्याची भरपाई पैशाने होण्यासारखी नव्हती. पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन गोधड्यांना नखे लागली. तेव्हा आप्पांनी निकाल दिला की, येत्या रविवारी मनीला पोत्यात घालून कृष्णेच्या पुलापलीकडे सोडून यायचे.

आमच्याकडे मांजर मारणे हे महापाप समजतात. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला न्यावे लागते, असे आजी सांगते. नदीपलीकडे सोडण्याला मात्र कोणी पाप म्हणत नाही. वास्तविक घरात वाढलेले मांजर अनोळखी जागी टाकले, तर ते उपाशी राहते, कुत्र्यांच्या तोंडी सापडते नाहीतर वाहनाखाली येते. सोन्याचे मांजर लागत नाही इतकाच काय तो फरक! प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा जो १९६० चा कायदा आहे, त्यातही प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा मानलेला आहे. मी आप्पांकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली आणि मांजराविषयी मिळेल ते वाचू लागले. ‘‘पुस्तकात मांजराचं बी लिवलेलं असतंय व्हय?’’ असे आप्पांनी विचारले. असते, आणि पुष्कळ असते.

मांजर ओरबाडते कशासाठी?

मांजर खोडसाळपणाने किंवा सूड म्हणून ओरबाडते असा आपला समज असतो. तो खरा नाही. त्यामागे तीन-चार कारणे आहेत आणि ती सगळी मांजराच्या शरीरातच आहेत.

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशी एकूण अठरा नखे असतात. कुत्र्याची नखे नेहमी बाहेर असतात आणि चालताना जमिनीवर झिजतात. मांजराची नखे एरवी आत ओढलेली असतात. ती बाहेर काढण्यासाठी त्याला स्नायू ताणावे लागतात. म्हणूनच मांजर पावलाचा आवाज न करता चालते आणि त्याच्या नखांची धार शाबूत राहते. हे नख थराथराने वाढते. बाहेरचा थर जुना झाला की तो कवचासारखा सैल होतो आणि त्याखाली नवे, अणकुचीदार नख तयार असते. खरखरीत पृष्ठभागावर पुढचे पाय ओढले की जुने कवच सुटून पडते. मागच्या पायांची कवचे मांजर दातांनी ओढून काढते. घर झाडताना केरात कधी कधी चंद्रकोरीच्या आकाराचे पातळ टरफल सापडते, ते हेच. आपण म्हणतो मांजर नखांना धार लावते. खरे म्हणजे ते जुनी म्यान टाकून देत असते.

दुसरे कारण म्हणजे आळस देणे. झोपेतून उठल्यावर मांजर पुढचे पाय लांबवर रोवते, नखे कशात तरी अडकवते आणि पाठीपासून खांद्यापर्यंतचे सगळे स्नायू ताणते. त्यासाठी नखांना पकड मिळेल अशी आणि ओढ सोसेल अशी वस्तू त्याला हवी असते.

तिसरे कारण अधिक मजेचे आहे. मांजराच्या पंजात गंधग्रंथी असतात. ओरबाडताना त्यांचा वास त्या वस्तूला लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण दुसऱ्या मांजराला बरोबर कळतो. शिवाय ओरखडे डोळ्यांना दिसतात ते वेगळेच. शेताच्या बांधावर आपण हद्दीचा दगड रोवतो तसाच हा प्रकार. अर्थात हा दगड अडगळीत रोवून उपयोग नसतो. म्हणून मांजर कोपऱ्यातली मोडकी वस्तू सोडून नेमकी वावरातली, माणसांच्या बसण्याउठण्याची जागा निवडते. दारात दुसरे मांजर येऊ लागले किंवा घरात काही उलथापालथ झाली तर ओरबाडणे वाढते, त्याचे कारण हेच.

गोधडीच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची भर पडते. मांजराचे पिलू दूध पिताना आईच्या पोटाला पुढच्या पंजांनी आळीपाळीने दाबते. मोठेपणीही मऊ आणि उबदार वस्तू दिसली की मांजर तेच करू लागते. आमची मनी गोधडीवर चढली की आधी कणीक तिंबावी तशी पंजांनी तिंबत बसते आणि त्यातूनच पुढे नखे बाहेर येतात.

घर बदलले, मांजर बदलले नाही

मांजर माणसाजवळ आले ते धान्याच्या मागोमाग. धान्य साठू लागले तेव्हा उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. आजच्या घरगुती मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनातून दिसून आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले असून त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले आहे. हा शोध २००४ साली जाहीर झाला. कुत्र्याला माणसाने राखणीसाठी, शिकारीसाठी पिढ्यानुपिढ्या घडवले. मांजराकडून उंदीर मारण्यापलीकडे कोणी काही मागितले नाही, आणि ते काम त्याला मुळातच येत होते. त्यामुळे त्याच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत.

मग हा तंटा आमच्याच घरी का उभा राहिला? आजीच्या गावच्या घरी तिच्या लहानपणापासून मांजरे आहेत; पण मांजराने सामान फाडल्याची तक्रार आजीला आठवत नाही. मी याचा विचार केला तेव्हा उत्तर सोपे निघाले. त्या घराला ओसरीवर लाकडी खांब आहेत, परड्यात मऊ सालीचा शेवगा आहे आणि सोप्यात सुंभाने विणलेली बाज आहे. मांजर तिथेही रोज ओरबाडत होतेच. मात्र खांबाला चार ओरखडे पडले तर त्याला नुकसान कोण म्हणणार? आमच्या इथल्या दोन खोल्यांत जमीन फरशीची, भिंती गिलाव्याच्या, खाट लोखंडी आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या. नख रुतेल अशी घरभर एकच वस्तू, ती म्हणजे आईची गोधडी. मनीला दुसरी जागाच नव्हती. ज्यांच्या घरी कापडी सोफा, वेताची खुर्ची किंवा लांब पडदे आहेत, त्यांच्या मांजरांचीही हीच गत असते.

थॉर्नडाइकचे मांजर

मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग शिकवले गेले. परीक्षेपुरते पाठ करून सोडून देण्याचा तो भाग. पण मला तो घरी उपयोगी पडला. थॉर्नडाइकने हे प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले आणि त्यांतले मुख्य पात्र मांजरच होते. भुकेले मांजर तो लाकडी पेटीत कोंडी आणि बाहेर खाद्य ठेवी. आतली दोरीची फास ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडे. मांजर आधी चावे, ओरबाडे, धडपडे; त्या धडपडीत कधीतरी चुकून फास ओढली जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर मात्र निरर्थक धडपड कमी होत जाई आणि सुटायला लागणारा वेळही घटत जाई. यालाच आपण प्रयत्न-प्रमाद पद्धती म्हणतो. ज्या कृतीचा परिणाम सुखकारक होतो ती कृती टिकते, हा त्याचा परिणामाचा नियम.

थॉर्नडाइकने आधी असेही मानले होते की, ज्या कृतीचा परिणाम त्रासदायक होतो ती तितकीच दुबळी होते. पुढे १९३० च्या सुमारास त्याने आपले मत बदलले. बक्षिसाने सवय जितकी पक्की होते तितकी ती शिक्षेने पुसली जात नाही, असे त्याला आढळले. मांजर पाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मनीला फटका मारला तर ती गोधडीपासून नव्हे, मारणाऱ्यापासून दूर पळते. आणि मारणारा घरात नसला की परत गोधडीवर येते. शिवाय नुकसान झाल्यावर तासाभराने तिला धरून आणले आणि फाटलेले टाके दाखवून रागे भरले, तर त्या रागाचा आणि टाक्यांचा संबंध तिला लागत नाही. ती फक्त भेदरते, आणि भेदरलेले मांजर जास्तच ओरबाडते.

उपाय

पहिली गोष्ट म्हणजे मांजर आडवे ओरबाडते की उभे, हे दोन दिवस नीट पाहावे. सतरंजी, गोधडी, पायपुसणे यांवर जाणाऱ्या मांजराला आडवी जागा आवडते. सोफ्याची बाजू, दाराची चौकट, पडदे धरणाऱ्याला उभी. मनीचा कल आडव्याकडे असला तरी ती खुंटीवरच्या कपड्यांनाही लोंबकळे. म्हणून आम्ही दोन्ही केले.

आडव्या जागेसाठी दोन फूट लांबीची एक फळी घेतली आणि तिच्यावर यार्डातले जुने गोणपाट दुहेरी करून ताणून बसवले. चुका फळीच्या खालच्या अंगाने मारल्या म्हणजे पंजाला लागत नाहीत. उभ्या जागेसाठी आप्पांनी तीन फूट उंचीचा लाकडी वासा तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू-सिमेंट घालून उभा केला आणि त्याला सुंभ घट्ट गुंडाळला. खांबाची उंची मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताण देता येईल इतकी हवी आणि तो मुळीच हलता कामा नये. एकदा अंगावर कलंडला की मांजर त्याच्याकडे पुन्हा फिरकत नाही. नायलॉनची दोरी वापरू नये. ती गुळगुळीत असल्याने नखांना पकड मिळत नाही. शहरातल्या दुकानांत असे खांब तयार मिळतात, पण घरी केलेला खांब कामात काही कमी पडत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. ही फळी मागच्या दारी ठेवावी असे आईचे म्हणणे होते. परंतु मांजर हद्दीची खूण वावरातच करते, हे वर सांगितले आहे. म्हणून फळी आई शिवायला बसते तिथेच, गोधडीला लागून ठेवली आणि खांब मनीच्या झोपण्याच्या कोपऱ्याजवळ. सवय पक्की झाल्यावर रोज थोडी थोडी सरकवत ती वस्तू सोयीच्या जागी नेता येते.

तिसरी गोष्ट, जुनी जागा नावडती करणे. शिवण हातावेगळी नसेल तेव्हा गोधडी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची, नाहीतर तिच्यावर गुळगुळीत प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. सोफा, खुर्ची यांच्या ओरबाडलेल्या बाजूलाही असाच कागद काही दिवस लावावा. जिथे पूर्वी ओरबाडले असेल ते कापड धुऊन काढावे, कारण वास राहिला तर बोलावणेही राहते.

चौथी गोष्ट बक्षिसाची. मनीने फळीवर किंवा खांबावर नखे लावली की त्याच क्षणी सुकटीचा एक कण तिच्यापुढे टाकायचा. उशीर झाला तर उपयोग नाही. तिचे पाय धरून खांबावर घासायचे मात्र नाहीत. मांजराला जबरदस्ती आवडत नाही. त्याऐवजी दोरीला कापडाची चिंधी बांधून ती खांबाभोवती नाचवावी, म्हणजे झडप घालताना नखे आपोआप सुंभात रुततात. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असते. तेव्हा संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे असे खेळवले की रात्रीचा धुडगूसही कमी होतो. खेळून झाल्यावर ती चिंधीची दोरी उचलून ठेवावी.

पाचवी गोष्ट नखांची. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येते. उजेडात पाहिले तर मुळाशी गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. तो सोडून फक्त पुढचे पांढरे टोक नेलकटरने कापावे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरते. जे मांजर बाहेर हिंडते त्याला कुत्र्यापासून वाचायला झाडावर चढावे लागते, म्हणून टोकापलीकडे कधीही कापू नये.

काय करू नये

शेजारपाजारचे लोक नाना उपाय सुचवतात. कोणी सामानावर तिखट टाकायला सांगतात. मांजर पंजे चाटते, त्यामुळे ते तिखट तोंडात आणि डोळ्यांत जाऊन त्याचे हाल होतात. डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी असतात. काळे फिनेलही तसेच. त्यातली द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते. मोसंबी-संत्र्याचा वास मांजरांना बहुधा आवडत नाही, तेव्हा जवळपास साली ठेवून पाहायला हरकत नाही.

काही देशांत मांजराची नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली जात असे. नख हाडाला जोडलेले असल्याने तिच्यात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापावे लागते. म्हणजे आपल्या बोटांची पहिली पेरे तोडण्यासारखे. युरोपमधील देशांच्या १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात या शस्त्रक्रियेला मनाई आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. खुर्ची वाचवण्यासाठी बोटे तोडणे हा उपाय म्हणता येणार नाही.

जिथे शिवणकाम चालते त्या घरांसाठी एक इशारा देते. सुईदोरा उघडा टाकू नये. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही आणि तो गिळला जातो. आतड्यात असा दोरा अडकला तर जीवावर बेतते. दोरा तोंडातून लोंबताना दिसला तरी आपण ओढू नये, जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.

मांजर कापडावर लघवी करू लागले तर तो प्रश्न वेगळा आहे. त्याची वाळूची पाटी घाण असेल, ती गजबजलेल्या जागी असेल, किंवा मांजर आजारी असेल. पाटीतली घाण रोज काढावी. वयात आलेले बोके उभ्या वस्तूंवर फवारा मारून हद्द आखतात; नसबंदी केल्यावर बहुतेकांची ही सवय जाते किंवा पुष्कळ कमी होते. बोका वारंवार बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले तर मात्र एक दिवसही थांबू नये; मूत्रमार्ग तुंबून तो दगावू शकतो.

महिन्याचा हिशेब

मी एका वहीत दोन रकाने आखले होते, एक गोधडीचा आणि एक फळी व खांबाचा. पहिल्या आठवड्यात गोधडीच्या रकान्यात रेघाच रेघा होत्या. दुसऱ्या आठवड्यात फळीच्या रकान्यातही रेघा दिसू लागल्या. तिसऱ्या आठवड्यापासून मनी झोपून उठली की सरळ खांबाकडे जाऊ लागली. महिन्याअखेर गोधडीचा रकाना अगदीच कोरा नव्हता. पण आईने ट्रंकेची शिस्त पाळल्यामुळे एकही टाका उसवला नाही. आप्पांना अक्षरे वाचता येत नाहीत, पण रेघा मोजता येतात. त्यांनी वही पाहिली आणि मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही. गोणपाटाच्या चिंध्या झाल्या तेव्हा यार्डातून दुसरे गोणपाट त्यांनीच आणून दिले.

‘सुंभ जळतो पण पीळ जळत नाही’ अशी म्हण आपण स्वभावाबद्दल वापरतो. मांजराच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. ओरबाडण्याचा पीळ हजारो वर्षांचा आहे, तो जाणार नाही. आणि घालवण्याचे कारणही नाही. आपल्याला ठरवता येते ते इतकेच की, तो पीळ कुठे खर्च व्हावा. ‘इथे नको’ असे मांजराला दहादा सांगून भागत नाही, ‘मग कुठे?’ याचे उत्तर आपण आधी तयार ठेवावे लागते. घरात लहान भावंडे असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणींना हे वाक्य ओळखीचे वाटेल. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एक फळी, एक जुने गोणपाट आणि एक महिना एवढे भांडवल घालून पाहावे. नदीपलीकडे जाण्याचा रस्ता तर कधीही मोकळाच असतो. तो धरण्यापूर्वी एवढे करून पाहायला काय हरकत आहे?